दारापर्यंत पोचवणारे काका

डोंबिवलीत ज्याला ज्याला म्हणून कधी पत्ता सापडला नाही, त्याने एकदा तरी आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांबरोबर पायपीट केलेली आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. ऐंशीचं दशक सरत आलेलं. रोज एक बिल्डिंग उभी राहायची आणि बिल्डर मंडळींना नावं सुचायची तीन-चारच. त्यामुळे एका साईकृपाकडे निघालेला पाहुणा दुसऱ्याच साईकृपाची बेल वाजवायचा. रस्त्यांना नावं नव्हती आणि बऱ्याच ठिकाणी रस्तेही नव्हते. अशा गावात कुणी पत्ता विचारला की आपण हात लांब करून ‘सरळ जा, पिठाच्या गिरणीपाशी विचारा’ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. काकांनी उभ्या जन्मात कुणाला बोट दाखवलं नाही. ते विचारणाऱ्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायचे, ‘चला’ म्हणायचे आणि दारापर्यंत जायचे. बेलही तेच वाजवायचे. आतून ‘अगं बाई, तुम्ही होय!’ असं ऐकू आलं की मगच माघारी वळायचे.

काका मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मीही तिथेच पलीकडच्या गल्लीत नोकरीला, म्हणून आमची ओळख. निवृत्त झाल्यावर त्यांना दिवसभर पत्ता चुकलेली माणसंच सापडायला लागली. काकूंनी शेवटी त्यांना दूध आणायला पाठवणं बंद केलं. “यांना दुधाला पाठवलं तर घरी पनीर येतं,” असं त्या म्हणायच्या आणि फक्त मीठ, साबण, काडेपेटी अशा टिकाऊ वस्तूच सांगायच्या. एकदा मुलगी बघायला आलेली सात माणसं काकांनी आपल्या हाताने तिसऱ्या साईकृपात नेऊन बसवली. योगायोग असा, की त्या घरीही त्या दिवशी बघायला येणार होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसली आणि मुलाच्या मावशीने मुलीच्या मामांची चौकशी केली, तेव्हा कुठे उलगडा झाला. काका शांतपणे उठले, सातही जणांना घेऊन पहिल्या साईकृपात गेले आणि तिथले पोहेही खाऊन आले. पाहुणे स्थिरस्थावर होईपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

चर्चमध्ये मात्र त्यांची पंचाईत व्हायची. पाळकसाहेबांनी एकदा त्यांना वाटायला म्हणून सुवार्तेची पत्रकं दिली. महिन्याने विचारलं, तर सगळी पत्रकं काकांच्याच खिशात. प्रत्येकाच्या पाठीवर कुणाकुणाचे पत्ते लिहिलेले. “अहो, एवढी माणसं भेटतात तुम्हाला, एखाद्याला तरी प्रभूविषयी सांगितलंत का?” असं पाळकसाहेबांनी जरा रागानेच विचारलं. काका ओशाळून म्हणाले, “सांगणारच होतो साहेब, पण तेवढ्यात त्यांचं घर आलं.”

मी स्वभावाने उतावळा. मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. एकदा मी तोंडावर म्हटलंही, “काका, नुसतं सांगितलं तर काय बिघडतं? लोक जातात बरोबर.” ते म्हणाले, “जातात रे. पण आमचा प्रभू बोट दाखवून मोकळा झाला नाही, तो बरोबर चालला. मला दुसरं काही येत नाही, चालता येतं.” मी हसलो आणि विसरून गेलो.

आई गेल्यावर मी आप्पांना, माझ्या वडिलांना, कोकणातून डोंबिवलीला आणलं. गावात आमचं काही उरलं नव्हतं. वर्षभरात आप्पांचं विसरणं सुरू झालं. आधी वार, मग नावं, मग मी. दिवसातून केव्हाही छत्री आणि पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे. “निघतो आता. तर चुकेल.” आमच्या गावाला जायला खाडी ओलांडावी लागायची, त्या होडीला तर म्हणायचे. मी ओरडायचो, “आप्पा, हेच तुमचं घर! मी तुमचा मुलगा!” मी जितका ओरडायचो तितके ते भेदरायचे. पुढे पुढे मला बघितलं की जेवायचेही नाहीत. मी त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावायला लागलो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

एकदा कडी राहिली. शेजाऱ्यांच्या फोनवरून बायकोचा निरोप आला, तसा मी वागळे इस्टेटमधून धावत आलो, सगळं गाव पालथं घातलं. संध्याकाळी हात हलवत परतलो, तोच बेल वाजली. दारात काका, त्यांच्या हातात आप्पांची पिशवी आणि मागे आप्पा, धुळीने माखलेले पण चेहरा कसा निवांत. आप्पांनी भर रस्त्यात काकांना विचारलं होतं, ‘तर कुठे लागते?’ आणि काका त्यांना चालवत खाडीकाठच्या रेतीबंदरावर घेऊन गेले होते. तिथे दोघं दुपारभर पाण्याकडे बघत बसले. शेवटी एका कोळ्याने सांगितलं, “आज नाय सुटायची होडी, आजोबा. उद्या या.” मग दोघं परतले.

माझं डोकंच फिरलं. “तुम्हाला माहीत होतं ना ते कुठे राहतात? सरळ घरी का नाही आणलंत?”

“त्यांनी तुझं घर विचारलं असतं तर आणलं असतं,” काका हळूच म्हणाले. मग आवाज चढवून, अगदी परक्याशी बोलावं तसे मला म्हणाले, “हे आजोबा लांबचे आहेत. आज यांची तर चुकली. मुक्कामाला जागा मिळेल का?”

मी नेहमीचं बोलायला तोंड उघडलं. आप्पा काकांची बाही धरून एक पायरी खाली उतरले. त्यांच्या डोळ्यांतली ती भीती मी बघितली आणि म्हणालो, “आहे की जागा. या. पाय धुऊन घ्या.” आप्पा आत आले. कित्येक दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढे अकरा महिने रोज काका त्यांना तरीवर घेऊन गेले आणि रोज तर चुकली. रोज मी जागा दिली. ज्या माणसाला मी रिकामटेकडा म्हणत होतो, त्याच्यापुढे माझं मस्तक आपोआप झुकायला लागलं. आप्पा अंथरुणाला खिळले त्याच्या आदल्या आठवड्यात भात कालवता कालवता काकांना म्हणाले, “हे गृहस्थ फार भले आहेत हो. नात्याचे ना गोत्याचे, पण रोज ठेवून घेतात. यांना काय म्हणावं?”

“मुलगाच म्हणा,” काका म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे वळून संकोचाने विचारलं, “चालेल का तुम्हाला?”

मी नुसती मान हलवली आणि त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला.