लॉर्डसाहेबांची सोयरीक

ऐंशीचं दशक सुरू होता होता मी लग्न करून व्हर्जिनियाला आले. नवरा सकाळी सातला ऑफिसला जायचा आणि मी दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांनी गवत कापलं की नाही ते बघायचे. सहा महिन्यांत माझ्याशी आपणहून बोललेला एकमेव माणूस म्हणजे पोस्टमन, तोही सहीपुरता. म्हणून गावातल्या जुन्या हवेलीच्या म्युझियमवर ‘बिनपगारी गाइड हवेत’ अशी पाटी दिसली, तेव्हा घरी न विचारताच मी नाव देऊन आले.

तिथल्या मुख्य बाई बागेत खुरपणी करतानाही मोत्यांची माळ घालत असाव्यात, अशा होत्या. त्यांनी मला दोन पानी माहितीपत्रक दिलं. दिवाणखान्यात अठराव्या शतकातल्या एका इंग्रज लॉर्डचं मोठं तैलचित्र होतं. हे लॉर्डसाहेब तीन देशांत राजदूत म्हणून राहिले आणि मग पार्लमेंटात बसले. या घरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हवेलीच्या मूळ मालकाने नुसत्या हौसेने ते चित्र मागवलं होतं.

“गुरुवारी मी मागे उभी राहून ऐकेन,” बाई म्हणाल्या. “जमलं, तर दर गुरुवार तुमचा.”

नाही जमलं, तर पुन्हा मी आणि शेजाऱ्यांचं गवत.

शाळेत शिकलेला एकच उपाय मला येत होता. मी घोकलं. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, मोठ्याने. “अगं, इतकी नर्व्हस होऊ नकोस,” नवरा म्हणाला, “आता मलासुद्धा पाठ झालंय.”

गुरुवारी साडी नेसून उभी राहिले. समोर आठ पाहुणे, मागे बाई. गाडी झकास निघाली. “वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आपल्या असामान्य बुद्धीच्या जोरावर...” इथवर आले आणि काठी घेतलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, “इतक्या लहान वयात? कसं काय?”

घोकंपट्टीत मध्येच कुणी टोकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आता पुन्हा ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सोय नव्हती. पण पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात वंशावळ होती. ती मी घोकली नव्हती, नुसती वाचली होती. कोण कुणाचा कोण, हे आपल्याला घोकावं लागत नाही.

“मामा मंत्री होता,” मी म्हणाले.

सगळे हसले, आणि मग मी सुटलेच. पहिली नेमणूक मामाच्या वशिल्याने, दुसरी सासऱ्याच्या. तिसऱ्या दरबारात साहेबांनी असा काही घोळ घातला की परत बोलावणं आलं. आल्यावर मेहुण्याने आपल्या मुठीतल्या गावातून निवडून आणून त्यांना पार्लमेंटात बसवलं. “घरच्या माणसाला कोण हाकलणार?” मी म्हटलं. बाईंचा हात मोत्यांवर गेलेला मला दिसत होता, पण जीभ काही थांबेना.

“आणि याची बायको?” आजीबाईंनी विचारलं.

पत्रकात तिचं नावसुद्धा नव्हतं. अमक्या सरदाराची धाकटी मुलगी, एवढंच. “ती तिन्ही देशांत बरोबर गेली,” मी म्हणाले.

“मग तिथे दिवसभर काय करायची?”

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण मला पक्कं ठाऊक होतं. “खिडकीशी बसायची,” मी म्हटलं. “नवरा यायची वाट बघत.” मला लॉर्डचा राग आला, आणि थोडा नवऱ्याचाही, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

या वेळी कुणी हसलं नाही.

पाहुणे गेल्यावर बाई म्हणाल्या, “यातलं निम्मं पत्रकात नाही.”

“वंशावळ आहे,” मी म्हटलं आणि पर्स उचलली.

बाईंनी पत्रक काढून तळाची वंशावळ वाचली. “तिचं नाव शोधायला हवं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी जरा लवकर या.”

संध्याकाळी नवऱ्याने दारातूनच रोजचा प्रश्न विचारला, “मग, आज दिवसभर काय केलंस?” रोज मी ‘काही नाही’ म्हणायचे. त्या दिवशी त्याला बूटही काढू दिले नाहीत.

“अहो, आधी बसा,” मी म्हटलं.