मुलं किती आणि बाळंतपणं किती

गणित सुटावं एवढ्यासाठी मी आर्ट्सला गेले होते. मराठीच्या सरांनीच मोजणी करायला सांगितली, तेव्हा पहिला धक्का वर्गात बसला.

पन्नास सालानंतरची गोष्ट. जुन्या कथांत पानोपानी तान्ही मुलं मरतात म्हणून आम्ही हसत होतो. सर म्हणाले, "लेखकानं वाढवून सांगितलं, हे कशावरून? आपापल्या चाळीत विचारा. मुलं किती झाली, किती जगली."

"सर, हा मराठीचा तास आहे ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हो. मग मराठीतच विचारा."

आकडेमोड नाही, नुसती यादी करायची म्हटल्यावर मी मात्र खूश. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीतली सगळी घरं एका संध्याकाळी उरकली. पण 'किती जगली' म्हणायला जीभ रेटेना. 'मुलं किती?' एवढंच विचारत गेले.

तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे पाय सुजलेले. भावोजी म्हणत होते, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नाव घालू. आई ऐकेना. "माझी चारही मुलं घरात झाली, सुईणीच्या हातची. काय झालं कुणाला?" मलाही ते पटायचं. चौघांतली मी एक, धडधाकट उभी होते.

पुढच्या तासाला सरांनी सगळ्यांचे कागद चाळले. "अरे वा! कल्याण-डोंबिवलीत एकही मूल दगावलं नाही?" कुणी हसलं नाही. "मुलं विचारलीत, तर बायका हयात असलेलीच सांगणार. गेलेल्याचं नाव कोण काढतं? परत जा. बाळंतपणं किती झाली, ते विचारा."

मी घरापासून सुरुवात केली. आई तांदूळ निवडत होती.

"आई, तुझी बाळंतपणं किती झाली गं?"

"सात."

"मग चार म्हणायचीस ते?"

"मुलं विचारलीस, मुलं सांगितली." तिनं सुपातून मान वर केली नाही. "दोन तुझ्याआधी गेली. एक तुझ्या पाठचा. बारशापर्यंतही राहिला नाही."

मला पाठचा भाऊ होता. याच खोलीत.

तशीच बाहेर पडले. शेजारच्या काकू परवा पाच म्हणाल्या होत्या, आता आठ म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. समोरच्या हसऱ्या मामींचे दोनाचे पाच झाले. आकडा बदलला नाही असं एकच घर निघालं. त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. रोज ज्यांच्याकडे विरजण मागायला जात होते, त्या बायकांकडे बघायची मला भीती वाटायला लागली.

घरी आले तर सूप तसंच पडलेलं.

"काकूंची किती निघाली?" आईनं विचारलं.

"आठ. तीन गेली."

"तीन?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. कधी बोलली नाही." मग म्हणाली, "मीही कुठं बोलले? मला वाटायचं, माझ्याच नशिबी आलं."

ताई आतल्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आईनं तिच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ.

"सकाळी ठाण्याला जा," ती मला म्हणाली. "हिचं नाव घालून ये. आणि दवाखान्यात काय काय न्यावं लागतं ते नीट विचार. लिहून घे."