फिलिबेरच्या सहा ओळी

फिलिबेर ब्रनो आमच्या ब्रुसी गावात दोन कामं करायचा. द्राक्षं पिकवायचा आणि माणसं पुरायचा. १९७१ साली जुना कबर खणणारा गुडघ्यांनी बसला, तेव्हा मेअर म्हणाले, "खणायचं काय, दोन्हीकडे सारखंच. तुझं फावडं आहेच की, फिलिबेर." झालं. पुढची अडतीस वर्षं त्या एका फावड्यावर गावाचं भागलं.

मी आणि तो एका बाकावरचे. चौदाव्या वर्षी दोघांचीही शाळा एकाच दिवशी सुटली आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही पाठीला हारा लागला. ज्याने हारा वाहिला नाही त्याला ही गोष्ट कळायची नाही, म्हणून एवढं सांगतो. आमचा उतार असा आहे की पावसात वेली वर राहतात आणि माती खाली पळते. मग जानेवारीत ज्याने त्याने आपल्या जमिनीच्या पायथ्याशी साठलेली माती हाऱ्यात भरायची, पाठीवर घ्यायची आणि पुन्हा माथ्याला नेऊन टाकायची. पुढच्या पावसात ती परत खाली येते. आपण परत वर नेतो. माझ्या आजोबांनी हेच केलं, त्यांच्या आजोबांनी हेच केलं, आणि कोणालाही ह्यात काही विचित्र वाटलं नाही. फिलिबेरला तर इतकी सवय की सपाट रस्त्यावरही तो चढ चढत असल्यासारखा पुढे झुकून चालायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसाच आहे. बायको सरळ आणि हा तिरका.

ला कादोल नावाच्या उतारावर आम्हा सातजणांच्या जमिनी. फिलिबेरचा तुकडा सगळ्यांत वरचा, पडक्या दगडी खोपटाला लागून. तिथे एकाखाली एक अशा आडव्या नऊ ओळी, ओळीत पन्नासेक वेली. वरच्या सहा ओळींत पूर्वी खडक उघडा पडलेला असायचा. त्याचा बाप म्हणायचा, "इथे वेल नाही, काटकी उगवते." पण फिलिबेरच्या हातात तुकडा आला आणि वर्षांमागून वर्षं त्या ओळी अशा भरत गेल्या की आम्ही बघत राहिलो. आणि वाईन तर विचारू नका. मी स्वतः वीस वर्षं दर रविवारी जेवणाबरोबर ती प्यायलो आहे. दर वेळी म्हणायचो, "गड्या, तू वर काय टाकतोस रे?" तो म्हणायचा, "माती."

आता थोडं जुनं सांगतो, कारण फिलिबेरच्या मनात काय सलत होतं ते त्याशिवाय समजणार नाही. क्लूनीच्या मठातल्या साधूंच्या काळापासून आमच्या भागात वाईन होते, त्याला हजार वर्षं झाली. द्राक्ष एकच, शार्दोने. ह्याच नावाचं एक गाव आमच्या वरच्या अंगाला आहे, आणि तिथले लोक अजून असं वागतात की जणू द्राक्ष त्यांच्या आत्याने शोधलं. पुढे मुळं खाणारी कीड आली, सगळा डोंगर वाळला, तेव्हा अमेरिकन मुळांवर आपल्या काड्यांचं कलम करून वेली पुन्हा उभ्या केल्या. एवढं सगळं सोसलं, पण मान मिळायची वेळ आली तेव्हा आम्ही बाहेर राहिलो. दुसऱ्या महायुद्धात एका रेषेने देशाचे दोन तुकडे केले होते. १९४३ साली वरच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या गावांनी आपल्या उत्तम जमिनींवर प्रीमिये क्रू, म्हणजे पहिल्या प्रतीची जमीन, असा शिक्का मारून घेतला. शिक्क्याची वाईन जर्मनांना सहज उचलून नेता येत नव्हती, असं आमची थोरली माणसं सांगत. आम्ही रेषेच्या खालच्या बाजूला. आम्हाला शिक्क्याची निकड नव्हती, म्हणून कोणी मागितला नाही. युद्ध संपलं, रेषा पुसली, शिक्का मात्र तिकडेच राहिला.

फिलिबेर जन्मला त्याच १९४३ साली. "मी आणि हा अपमान जुळे आहोत," असं तो म्हणायचा. आपल्या बाटलीवरचं लेबल त्याने छापून घेतलं तेव्हा 'ला कादोल' ह्या नावाखाली बोटभर जागा कोरी सोडली. छापणारा म्हणाला, इथे एखादा पक्षी काढू का. फिलिबेर म्हणाला, "तिथे दोन शब्द यायचे आहेत." ते दोन शब्द कुठले हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अखेर आसपासच्या गावांनी मिळून अर्ज केला, आणि २००९ च्या वसंतात माती तपासायला मादाम केर्गोआ आल्या. बाई शिकलेल्या, कामाला पक्क्या, पण ब्रिटनीच्या. आमच्या लुसियाँला, म्हणजे फिलिबेरच्या खालच्या शेजाऱ्याला, ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "सफरचंदाच्या मुलखातली बाई आम्हाला आमची माती दाखवणार," तो म्हणाला. बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "सफरचंदंही मातीतच येतात, साहेब. बाजूला व्हा, यंत्राला जागा द्या."

ला कादोलमध्ये पहिला खड्डा फिलिबेरच्या तिसऱ्या ओळीत. आम्ही सातही मालक हजर. शिवाय जन्मभर कामाला हात न लावलेल्या मार्सोची विधवा जिनेत, कारण गावात काहीही खणलं जात असेल तर जिनेत हजर असते. फिलिबेरने चर्चला जायचा कोट घातला होता. बाई छातीइतक्या खड्ड्यात उतरल्या, भिंत खरवडली, थोडी माती दातांखाली घेतली आणि थुंकली. मग पुन्हा भिंतीतून काहीतरी वेचून मुठीत धरलं.

"ही वरची फूटभर माती इथली नाही," त्या म्हणाल्या.

"वाहून आणलेली आहे," फिलिबेर म्हणाला. "इथे सगळेच वाहतात."

"उताराखालून आणलेली माती मी आज सकाळपासून बघते आहे. तिच्यात ह्या टेकडीचा पांढरा चुरा असतो. ही काळी आहे, मऊ आहे, कोणीतरी चाळलेली आहे. आणि तिच्यात हे सापडलं." त्यांनी तळहात वर केला. तळहातावर चार मणी होते. काचेचे. तीन जांभळे, एक काळा.

आमच्याकडे थडग्यावर तारेत ओवलेल्या काचमण्यांची चक्रं ठेवायची पद्धत होती. तार गंजते, मणी मातीत पडतात. ला कादोलमध्ये त्या मण्यांना काही काम नाही. मी मण्यांकडे बघितलं, मग फिलिबेरकडे. लुसियाँचं तोंड उघडं ते उघडंच. जिनेत पुढे झाली, एक मणी उचलून डोळ्यांशी धरला.

"हा रंग मी निवडला होता," ती म्हणाली. "माकों शहरातल्या दुकानातून. हे माझ्या मार्सोचं चक्र."

"शेजारच्याचंही असू शकेल," फिलिबेर हळूच म्हणाला. मग त्याने टोपी काढली. "दफनभूमीतली माती आहे, बाई. सगळी."

खालच्या वाटेवरून एक ट्रॅक्टर गेला. मग फिलिबेरच बोलायला लागला, जानेवारीतल्या कामाबद्दल बोलावं तशा आवाजात. खड्डा खणला की जेवढी माती निघते तेवढी परत बसत नाही, कारण मध्ये पेटी असते. दर माणसामागे सोळा-सतरा हारे उरतात. नगरपालिकेचा हुकूम असा की उरलेली माती जुन्या खाणीत ओतायची. "पहिल्याच वेळी मी हारा घेऊन खाणीपाशी गेलो. तळाशी दोन मोडके फ्रिज आणि एक गादी. ज्या माणसाची माती होती त्याने साठ वर्षं डोंगरावर माती वाहिली होती. म्हटलं, ह्याला फ्रिजवर ओतू? वळलो आणि इथे आलो. माझ्या ओळी उपाशी होत्या, हेही खरं आहे. ते लपवत नाही."

"आणि हाडं?" जिनेतने विचारलं.

"एकही नाही. दर फावडं चाळून आणलं. मार्सो जिथे ठेवला तिथेच आहे, जिनेत. त्याच्या पेटीने जेवढी जागा घेतली तेवढीच माती इथे आली."

लुसियाँ तेवढ्यात सावरला होता. "वीस वर्षं मी म्हणतोय, ब्रनोची वाईन जिभेवर रेंगाळते," तो म्हणाला. "आता कळलं कोण रेंगाळतंय." कोणी हसलं नाही. मी तर माझे रविवार मोजत होतो.

मादाम केर्गोआ खड्ड्याबाहेर आल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "तुमच्या मनाला लागावं म्हणून बोलत नाही. पण बाहेरची माती टाकलेली जमीन ह्या यादीत बसत नाही."

"बाहेरची?" फिलिबेर म्हणाला. "चर्च इथून चारशे पावलांवर आहे."

"चारशे पावलं म्हणजे बाहेरच. आता मला एवढं सांगा, ती कुठपर्यंत पसरली आहे? नक्की सांगता आलं तर तेवढाच भाग वगळता येईल. नाही सांगता आलं तर मला सगळ्या ला कादोलवर शंका लिहावी लागेल."

सहाजणांच्या माना एकदम फिलिबेरकडे वळल्या, माझीही. खोटं बोलायला त्याला जागा होती. पावसाने इकडची तिकडे झाली, आठवत नाही, वय झालं, असं म्हणाला असता तर सगळेच बुडालो असतो, आणि तो एकटा उघडा पडला नसता. त्याने टोपी घातली, पहिल्या ओळीच्या टोकाला गेला आणि पहिल्या वेलीवर हात ठेवला.

"इथून सुरुवात. म्हातारे आंबेर, १९७१. ह्या दोन वेली. मग पाव भाजणाऱ्याची आई, ह्या दोन. मग शाळेतले मास्तर."

आम्ही त्याच्या मागोमाग चालत राहिलो. प्रत्येकाला दोन वेली. अडतीस वर्षांत दीडशे माणसं, सहा ओळी, तीनशे वेली, आणि हा माणूस कागदाशिवाय नावं सांगत चालला होता. कोणाची माती थंडीत आणली, कोणाची उन्हाळ्यात, कोणाच्या मातीत दगड फार होते. बाई मागून खुणेच्या काठ्या रोवत होत्या, आणि त्यांचाही हात मध्येच थांबायचा. मास्तरांच्या वेलींपाशी लुसियाँनेसुद्धा टोपी काढली. मास्तरांनी त्याला जन्मभर मठ्ठ म्हटलं होतं.

चौथ्या ओळीच्या मध्यावर फिलिबेर थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जोआनी, हे तुझे वडील. १९८८, नोव्हेंबर. चिखल होता, म्हणून अठरा हारे झाले."

माझे वडील. त्यांच्या दफनानंतर मी ह्याच माणसाच्या तळघरात बसून ह्याच ओळींची वाईन प्यायलो होतो आणि म्हणालो होतो की यंदा काही वेगळीच उतरली आहे. राग आला का म्हणाल, तर आज सांगतो, मला राग शोधूनही सापडला नाही. मी वाकून दोन्ही वेलींना हात लावला. त्या दोन वेली चांगल्या जाड होत्या. वडीलही तसेच होते.

सहाव्या ओळीच्या शेवटच्या वेलीवर नावं संपली. बाईंनी दोरी ताणली. सहा ओळी वर आणि तीन खाली. ला कादोल वाचलं, पण फिलिबेरच्या हातात उरलं ते अर्ध्या पिंपाचंही नव्हतं. तेवढ्याची वेगळी वाईन कोण करणार आणि वेगळं लेबल कोण लावणार?

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा सूर बदलला होता. "ही माती यंत्राने खरवडून काढा. मूळ जमीन खाली शाबूत आहे. मी परत येऊन बघेन आणि सगळ्या नऊ ओळी लिहीन."

"दोन दिवसांचं काम," लुसियाँ म्हणाला. "यंत्र मी देतो. डिझेल तुझं."

"गड्या, ऐक," मीही म्हणालो. "तू सहासष्ट वर्षं थांबलास."

"काढलेली माती टाकायची कुठे?" फिलिबेरने विचारलं.

"खाणीत, दुसरं कुठे."

फिलिबेर ओळींकडे बघत राहिला. त्याला ते दोन शब्द किती हवे होते हे मला ठाऊक होतं. त्याचा बाप मरताना त्याच्याशी द्राक्षांबद्दलच बोलत होता, आणि तो बाप दुसऱ्या ओळीत होता.

"तिथेच तर न्यायची नव्हती," तो म्हणाला. "लिहा बाई. तीन ओळी."

पुढचा महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. काहीजण त्याच्या समोरून रस्ता ओलांडून जायचे. पाद्री आले, दोन तास तळघरात बसले, आणि काय बोलणं झालं ते कोणालाच कळलं नाही, पण जाताना त्यांच्या हातात दोन बाटल्या होत्या. कबर खणायचं काम नगरपालिकेने काढून घेतलं. फिलिबेर त्या सहा ओळी पूर्वीसारख्याच छाटत राहिला, बांधत राहिला. फरक एवढाच की आता छाटणीच्या वेळी कोणी ना कोणी बांधावर येऊन उभं राहायचं. बोलायचं नाही. आपल्या दोन वेली नीट छाटल्या जातात की नाही ते बघायचं आणि जायचं.

यादी लागायला अकरा वर्षं गेली. २०२० च्या शरदात, तोंडाला पट्टी बांधून, आम्ही नगरपालिकेच्या दारावर चिकटवलेला नकाशा बघायला जमलो. ला कादोल रंगवलेलं होतं, आणि वरच्या कडेला, खोपटापाशी, उंदराने कुरतडल्यासारखा एक पांढरा तुकडा. लुसियाँ आपल्या रंगवलेल्या जमिनीवर बोट ठेवून उभा होता. सत्त्याहत्तर वर्षांचा फिलिबेर पुढे झुकून त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा रडतो. तो म्हणाला, "सरळ काढली आहे रेघ. बाईंनी काम चोख केलं."

जिनेत काठी टेकत त्याच्याजवळ आली. त्या खड्ड्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती, आणि मग हळूहळू बोलायला लागली होती.

"यंदा सहा बाटल्या ठेव माझ्या," ती म्हणाली. "शिक्क्याची नको. वरच्या ओळींची."

"ठेवतो."

"आणि मार्सोच्या वेलींना यंदा काय आलं?"

फिलिबेरने आठवून सांगितलं, "एकीला सात घड. दुसरीला एकही नाही."

"मग दुसरी त्याची," जिनेत म्हणाली.