विमान उतरेपर्यंत केर नको

आमच्या घरात एक नियम होता. माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही. जाणाऱ्याची वाट पुसली जाते म्हणे. भाऊ आगगाडीने तंजावरला जायचा तोवर ठीक होतं. गाडी कधी पोचते ते सगळ्यांना पाठ होतं. पण साठ सालानंतर तो मद्रासहून विमानाने लंडनला शिकायला निघाला, आणि केरसुणीला हात कधी लावायचा हे कोणालाच कळेना.

त्यातून दुसऱ्याच दिवशी चार वाजता मला बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं फिसकटली होती आणि गिंडीच्या कारखान्यातला हा इंजिनिअर मला फोटोतच आवडला होता. हेही स्थळ गेलं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं नसतं.

वडिलांनी माझं शाळेचं नकाशांचं पुस्तक काढून मद्रास ते लंडन दोरा लावला. दोरा अरबस्तानात पुस्तकाच्या शिवणीत शिरला, तिथे बोटभर हरवला आणि युरोपात वर आला. "पाच हजार मैल," ते म्हणाले. तिकिटावर पोचायची वेळ होती लंडनचे सकाळचे अकरा. त्यातून त्यांनी साडेपाच तास वजा केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉफीलाच जाहीर केलं, "साडेपाचला उतरलासुद्धा!" आत्याने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने, देवापुढे साखर ठेवली आणि घर झाडून लख्ख केलं.

दुपारी दोनला माझीच जीभ वळवळली. "अप्पा, साडेपाच तास मिळवायचे असतात. तो आपल्या साडेचारला उतरणार."

आत्या मटकन खाली बसली. "अय्यो! पोरगा आकाशांत, आणि घरांत केर काढला? अस्का केर परत आणा!"

अस्का म्हणजे सगळा. आणि माझ्या वडिलांनी, कचेरीतल्या हेडक्लार्कने, रस्त्यावरच्या कुंडीतून सुपात केर परत आणला. आत्याने तो निवडला. "हें केळीचं पान नोको, शेजाऱ्याचं आहे." आमचा काथ्या, आमचा कॉफीचा चोथा तिने बरोबर ओळखला आणि जागच्या जागी पसरला. मी रेशमी साडी नेसून रडत बसले. रागाने.

चार वाजता मंडळी आली. मुलाच्या आईचं पहिलं पाऊल चोथ्यात पडलं. वडील एका हातात केसरीची, म्हणजे केशरी शिऱ्याची, बशी आणि दुसऱ्या हातात दोरा घेऊन खुलासा करू लागले. मुलाने सगळं शांतपणे ऐकलं. माझ्या लाल नाकाकडे पाहिलं, दोरा मोजला, मग घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"वारा पाठीमागून असणार," तो म्हणाला. "उतरलं विमान. आत्ताच."

इंजिनिअरचा शब्द! आत्याने केरसुणी उचलली. पाहुण्यांनी पाय खुर्चीवर घेतले आणि भजी खात केर जाताना पाहिला. मुलाची आई हसायला लागली, मग कोणालाच हसू आवरेना.

साखरपुड्याच्या दिवशी भावाचं पत्र आलं. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने ते कौतुकाने होणाऱ्या जावयाच्या हातात दिलं. मी मागून डोकावले. भावाने लिहिलं होतं, वारा सारखा समोरून, लंडनवर धुकं, विमान चार तास उशिरा उतरलं.

"प्रवास छान झाला," तो मोठ्याने वाचत होता. "वेळेच्या आधीच पोचलो."

"पाहिलंस?" आत्या मला म्हणाली. "इंजिनिअर तो. अस्का हिशेब बरोबर."

मी मान डोलावली. फोटोतल्यापेक्षा तो मला आता कितीतरी जास्त आवडला होता.