माझा जाहीरनामा, पिवळ्या चौकटींसह

माझ्या साडूचा फोटो जरा लहान छापला असता, तर आज मी आमच्या मराठी मंडळाचा कार्यवाह असतो.

साडू म्हणजे विलास, माझ्या थोरल्या मेहुणीचा नवरा. मूळचा बेळगावचा, सगळी नोकरी बंगळुरात केलेला. जे. पी. नगरातल्या भाजीवाल्यापासून मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सगळे त्याला विलासअण्णा म्हणतात. मी पुण्याहून इथे आलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण मला अजून 'विलासअण्णांचे साडू' याच नावाने ओळखतात. (माझं नाव श्रीपाद आहे. ते माझ्या बायकोला आणि आयकर खात्याला माहीत आहे.) एकदा तरी कुणीतरी त्याला 'श्रीपादरावांचे साडू' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून तो कार्यवाहपदाला उभा राहतोय असं कळल्याबरोबर मीही अर्ज भरला.

जाहीरनामा मी कॉम्प्युटरवर लिहिला आणि ऑफिसच्या सवयीप्रमाणे तपासायला पाठवला. ऑफिसात साहेबाला पाठवतात, घरात सुनंदाला. सुनंदा, म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवते. तिला समोर आलेला कुठलाही कागद तपासल्याशिवाय सोडवत नाही. लग्नाच्या पत्रिकासुद्धा ती पेन हातात घेऊन वाचते.

"वाचलं," ती म्हणाली. "शेजारी पिवळ्या चौकटीत शेरे लिहिलेत. ते बघा, दुरुस्त्या करा, मग शेरे काढून टाका आणि छापायला द्या."

"बघतो, बघतो," मी म्हणालो.

आणि बघणारही होतो. पण तेवढ्यात विलासची पत्रकं छापूनसुद्धा झाल्याची बातमी आली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फाइल तशीच प्रेसवाल्याला पाठवली आणि मागोमाग स्वतः जाऊन थडकलो.

प्रेसवाला कन्नड माणूस, भला गृहस्थ. त्याने नमुना काढून माझ्यापुढे धरला. "मराठी गोत्तिल्ला सार. ओंदसल ओदि नोडि." म्हणजे मला मराठी येत नाही, तुम्हीच एकदा वाचून बघा.

मी नमुना हातात घेतला. पण शेजारच्या टेबलावर विलासच्या पत्रकांचा गठ्ठा होता, आणि त्यावर विलास होता. केवढा! अर्धं पान नुसता हसत होता. माझ्या नमुन्यावर मी कोपऱ्यात, हॉलतिकिटावर असावा तेवढा.

"फोटो मोठा करा," मी म्हणालो.

"मॅटर, सार?"

"मॅटर सरी. फोटो दोड्ड." म्हणजे मजकूर ठीक आहे, फोटो मोठा हवा.

त्याने फोटो मोठा केला. मी तो विलासच्या फोटोवर ठेवून मापला. अजून बोटभर कमी होता. पुन्हा मोठा केला. तिसऱ्या नमुन्याला मी विलासपेक्षा अंगठाभर जास्त झालो आणि तृप्त मनाने घरी आलो. मजकुरातला एक शब्दही मी वाचला नव्हता.

रविवारी सभेच्या हॉलमध्ये मी स्वतः प्रत्येक खुर्चीवर एकेक पत्रक ठेवलं. लोक आले, बसले, वाचू लागले. पहिल्या रांगेतून हसू आलं. मग दुसऱ्या रांगेतून. माझी भाषा खुसखुशीत आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकी? एक आजोबा तर डोळे पुसत होते. मी विलासकडे विजयी नजरेने बघितलं आणि शेवटी कौतुकाने एक पत्रक उचललं.

'मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी हिरिरीने सहभागी होत आलो आहे.' शेजारी, सुबक पिवळ्या चौकटीत: 'जेवण सोडून कुठल्या?'

'पार्किंगचा प्रश्न तातडीने सोडवीन.' चौकट: 'आपली गाडी शेजाऱ्यांच्या जागेत उभी असते. आधी ती काढा.'

'नव्या पिढीला मराठीची गोडी लावीन.' चौकट: 'मुलीशी भांडता इंग्रजीत.'

आणि सगळ्यात खाली: 'गणपतीच्या मिरवणुकीची संपूर्ण व्यवस्था मी पाहिली.' चौकट: 'व्यवस्था विलासभावजींनी केली. तुम्ही पाहिली, हे मात्र खरं.'

मी सुनंदाकडे धावलो. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, शेरे काढले नाहीत?"

"मी... फोटो बघत होतो."

तेवढ्यात विलास उठला. "मंडळी, मी गेली कित्येक वर्षं निवडणुका बघालोय, पण इतका खरा जाहीरनामा बघितला नव्हता की हो. आमच्या श्रीपादरावांनी लिहिलंय ते सोडा, पण ह्या पिवळ्या चौकटी ज्यांनी लिहिल्यात, त्यांना कार्यवाह करूया की. मी माघार घेतो."

टाळ्या! त्यातही अर्ध्या टाळ्या त्याच्या मोठ्या मनाला. निवडणुकीतून बाहेर पडतानासुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा जास्त टाळ्या घेऊन गेला. सुनंदा नको नको म्हणत होती, पण अध्यक्षांनी तिथल्या तिथे तिचं नाव घातलं.

मी माघार घेतली नाही. माझाही काही स्वाभिमान आहे.

चिठ्ठ्या वाटल्या, मोजल्या. सुनंदा प्रचंड मतांनी निवडून आली. मला एक मत पडलं आणि एक मत बाद झालं. ते एक मत कुणाचं, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. मीही मान ताठ ठेवून बसलो. स्वतःला मत देणं हा काही गुन्हा नाही.

जेवणाच्या रांगेत विलास मागून कानाशी आला. "वाईट वाटून घेऊ नका हो. अगदीच शून्य नको म्हणून माझं मत तुम्हालाच घातलोय."

हातातलं ताट तिथेच ठेवून मी तडक अध्यक्षांकडे गेलो आणि बाद झालेली चिठ्ठी मागितली. वरच्या बाजूला ठळक अक्षरात छापलं होतं: 'चिठ्ठीवर सही करू नये.' खाली माझ्या नावापुढे खूण होती, आणि तिच्याखाली माझी झोकदार, दोन ओळी अडवणारी सही.