चार वाजताचा बाण

पाय मोडला तेव्हा मी आधी पायाचा नव्हे, पेटीचा विचार केला.

पेटी म्हणजे ऐरोलीतल्या आमच्या छोट्या संस्थेच्या कार्यालयातला सर्व्हर. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जाळीच्या दारामागे, दिवसभर मंद घरघरणारे काळे यंत्र. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. एका हिरव्या ठिपक्याखेरीज जिवंतपणाची दुसरी खूण नव्हती. त्याच्या पोटात एक्केचाळीस गाणी होती. खाडीकाठच्या एका गावातल्या धवलारणीने ती मला गाऊन दिली होती. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात प्रत्येक विधीला त्याचे गाणे लावून देणारी बाई. तिच्या आवाजावाचून त्या मांडवात हळदसुद्धा लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या या बाईला मी मावशी म्हणत असे.

गाणी देताना मावशीने एकच अट घातली होती: ती पेटीबाहेर जायची नाहीत. कोणाच्या मोबाइलमध्ये नाहीत, पेन ड्राइव्हवर नाहीत. तिच्या एका मैत्रिणीचे गाणे कोणीतरी असेच उचलून हळदीच्या डीजेला दिले होते, आणि त्या मैत्रिणीने आपलाच आवाज परक्या मांडवात, ढोलाखाली चिरडलेला ऐकला होता. तेव्हापासून ती गायचीच थांबली. मावशीने मला हे सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती आणि एकदाही मान वर केली नव्हती. मी शब्द दिला. शब्द मोडला तर गाणी परत मागेन, असे ती म्हणाली होती, आणि ती तसे करील याविषयी मला तिळभर शंका नव्हती.

आता मी वाशीच्या घरात, पोटरीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये अडकले होते, आणि गाणी लिहून काढण्याचे काम निम्म्यावर होते. वारा फिरला की बाजाराकडून कांद्याचा उग्र, ओलसर वास खिडकीत येई. प्लास्टरच्या आत मुंग्या चालत.

संस्थेचे संगणक सांभाळणारे गृहस्थ पन्नाशीचे, मूळचे साताऱ्याकडचे. पूर्वी ते वाशीच्या एपीएमसी बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवरचे संगणक दुरुस्त करीत, अजूनही अधूनमधून जात; त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीला लसणाचा वास होता. त्यांनी घरी येऊन, चहा घेता घेता उपाय सांगितला. “गाणी तिथंच ऱ्हातील ताई. तुमच्याकडं येईल ते नुसतं चित्र. खिडकीतून शेजारच्याच्या घरात बघावं तसं.”

म्हणजे असे, की माझ्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, आणि त्याच चौकटीत सर्व्हरचा डेस्कटॉप उघडायचा. इथला माझा हात तिथला बाण हलवणार. गाणे वाजेल, ऐकू येईल, पण माझ्याकडे साठणार नाही. दिलेला शब्द अभंग ठेवून काम करण्याची इतकी नेटकी युक्ती मला सुचली नसती. तरीही पहिल्याच दिवशी पत्ता टाकला तेव्हा ब्राउझरने सगळा पडदा भरून इशारा दिला: हे कनेक्शन खाजगी नाही, इथली तुमची माहिती कोणी चोरू शकेल.

“हे काय?”

“ते येतंच. अजून प्रमाणपत्र काढलं नाही ना आपण. ब्राउझर म्हणतो, हा माणूस म्हणतो तोच आहे का, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना? मग झालं. पुढं जा दाबा. रीतसर प्रमाणपत्र काढायला दोन-चार दिवस लागतील, थांबता का?”

थांबायला हवे होते. मी घाईत होते. मी ‘पुढे जा’ दाबले, आणि खरोखरच त्या दूरच्या यंत्राचे निळे अंगण माझ्या मांडीवर उजाडले. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एकाच नावाने दोघे आत गेले तर दोघांना एकच पडदा दिसतो. आणि आत कोण, कधी, कुठून आले, याची एक नोंद यंत्र आपोआप ठेवते. हवी तर वाचत जा.

मावशीला न सांगता घरून तिची गाणी ऐकणे मला चोरटेपणाचे वाटले. म्हणून पुढल्या आठवड्यात कुबड्या घेऊन रिक्षाने तिच्या गावी गेले. गाव म्हणायचे इतकेच. भातखाचरांच्या जागी चारमजली इमारती, खाली भाडेकरू, वरच्या मजल्यावर मूळ मालक. पण ओहोटी लागली की चिखलाचा खारट, कुजकट वास जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि तेवढ्यापुरते गाव परत येते. मावशीची सून घरूनच एका कंपनीचे काम करी. तिने घरातली पाटीएवढी टॅब दिली. मी पत्ता टाकला. इशारा आला. सुनेने तो सासूसाठी मोठ्याने वाचला: “म्हणतंय, इथली माहिती चोर चोरू शकतात.”

“ते येतंच,” मी म्हणाले, आणि ‘पुढे जा’ दाबले. टॅबने आणखी काय काय विचारले. मी होय, होय करीत गेले. मग यादी उघडली. एक्केचाळीस नावे एकाखाली एक. मावशीने चष्मा पुसला, पडद्यावर बोट ठेवून ती मोजली. मग चहा दिला, आल्याचा, जीभ भाजेल इतका गरम.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी प्रथमच ती नोंद वाचली.

रोज दोन ओळी होत्या. एक सकाळची, ती मी. दुसरी दुपारी चारची. माझ्याच नावाने, माझ्याच पासवर्डने, निराळ्या ठिकाणाहून. कोणीतरी रोज चार वाजता मी होऊन आत येत होते आणि वीसेक मिनिटे थांबून जात होते.

तो क्षण मला अंगाच्या स्पर्शासारखा आठवतो. प्लास्टरच्या आतल्या मुंग्या थांबल्या. पंख्याचा आवाज एकदम वेगळा ऐकू येऊ लागला. आपल्या अनुपस्थितीत आपली साडी नेसून कोणी बाजारात जाऊन यावे आणि घडी पुन्हा जशीच्या तशी कपाटात ठेवावी, तशी ती ओळ होती.

पासवर्ड मला ठाऊक होता आणि तो बनवून देणाऱ्याला. तिसऱ्या कोणाला ठाऊक असेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. लसणाच्या वासाची ती पिशवी, ते ‘पुढं जा दाबा’, ती सहज आवाजातली घाई, सगळे आता उलट्या बाजूने दिसू लागले. पूर्वी बाजारात काम केलेल्या माणसाच्या ओळखीत हळदीचा डीजे नसेलच असे कोणी सांगावे? मी फोन केला.

“दुपारी चार वाजता तुम्ही कुठे असता?”

“मी? कधी गाळ्यावर, कधी रस्त्यात. का हो?”

“सहज.”

पलीकडे हमाल ओरडत होते, टेम्पो मागे घेताना शिट्टी वाजत होती. ते म्हणाले, “ताई, सहज कोन चारचीच चौकशी करतं? काही वावगं दिसतंय का? दिसत असंल तर आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदलू. मलाही सांगू नका नवा.”

निरपराध माणूस याहून वेगळे काय बोलला असता? पण संशयाला पुराव्याची भूक नसते. तो मिळेल ते खातो. इतक्या तत्परतेने पासवर्ड बदलायला तयार होणारा माणूस मला अधिकच पोचलेला वाटला. मी म्हणाले, “नको, राहू दे.” पासवर्ड बदलला असता तर दार बंद झाले असते, पण आत येणारे कोण, हे कधीच कळले नसते. मला दार बंद करायचे नव्हते, हात पकडायचा होता. मावशीला दिलेल्या शब्दाहून मला माझा संशय खरा ठरणे अधिक मोलाचे झाले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्केचाळिसाव्या गाण्यावर काम केले. ते नवरीच्या पाठवणीचे. दुसऱ्या ओळीनंतर त्यात मावशीला खोकला येतो, मागे कुकरची शिट्टी होते, आणि मग ती तोच सूर पुन्हा उचलते. लिहिताना अडथळा होई, म्हणून मी खोकला आणि शिट्टी काढून टाकली, साफ केलेली प्रत त्याच नावाने ठेवली, आणि मूळ प्रत आतल्या एका कप्प्यात सरकवली. गाणे धुतलेल्या तांदळासारखे झाले. चार वाजायला पाच मिनिटे असताना मी हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत बसले.

चारला बाण हलला.

मी माउसला हातही लावलेला नव्हता. बाण आधी जागच्या जागी थरथरला, अंधारात भिंत चाचपणाऱ्या बोटासारखा. मग यादी उघडली, आणि पहिल्या नावावर थांबला. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. काही उघडत नव्हता, काही उचलत नव्हता. एकेक नावावर क्षणभर टेकत तो खाली उतरत राहिला. सात. अठरा. तीस. मीही नकळत त्याच्याबरोबर मोजू लागले. चोर इतका सावकाश नसतो. एक्केचाळिसाव्या नावावर तो थांबला आणि गाणे सुरू झाले.

मावशीचा आवाज माझ्या खोलीत भरला. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि लगेच तिसरी. गाणे थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा दुसऱ्या ओळीच्या पुढे थांबले. तिसऱ्यांदा तेच.

मी त्या पडद्यावरच एक कोरे पान उघडले आणि लिहिले: कोण आहे?

बाण गोठला. खिडकीबाहेर कोणाची तरी चादर वाऱ्याने फडफडत होती. मग त्या पानावर, मी न लिहिलेली अक्षरे एकेक करून उमटू लागली, रोमन लिपीतली मराठी, अडखळत: ताई, मी सून. आई विचारतात, खोकला कुठे गेला.

मी ते तीनदा वाचले असेन.

पुढल्या तासाभरात मी रिक्षात होते. टॅबने त्या दिवशी मला काय काय विचारले होते, ते वाटेत आठवले. पासवर्ड लक्षात ठेवू का? होय. मीच म्हटले होते, होय. बाहेर पडताना टॅब नुसती मिटली होती, माझे नाव आतच राहिले होते.

मावशी दारातच उभी होती. तिने मला आत बोलावले नाही.

“मना फसवलंस तू, बाय.”

“मावशी, मी खोकला काढला, गाणं नाही. जुनं तसंच आहे, आत ठेवलंय.”

“आत म्हंजे कुठं? मना दिसला नाय तो. मी रोज बगते.”

“पण रोज कशाला बघत होता?”

तिने सुनेकडे पाहिले, जणू इतके साधे प्रश्न शिकलेल्या बायका विचारतात याचे तिला नवल वाटले. “तुज्यासमोर तो यंतर बोलला, चोर येतील म्हनून. आनि तू काय केलंस? पुढं जा. मंग मी निजू कशी?” ती उंबऱ्यावरच बसली. “माजा बाप मिठागरावर होता. मिठाची रास झाली का वर चिखलाचा ठसा मारायचा. सकाली जाऊन बगायचा. ठसा मोरला नाय, होता तसाच हाय, तं रास आपली हाय. तुजी पेटी मी कशी वलखू? सगली गानी कोन पन गाऊन ठेवल. पन खोकला माजा हाय. तो कुकर माजा हाय.”

“आई रोज साडेतीनपासून माझ्या मागे लागतात,” सून म्हणाली. “माझं काम संपायच्या आधीच. टॅब पुसून ठेवतात.”

“गानी परत दे,” मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मी टॅब मागितली. जिन्यात, भिंतीला कुबडी टेकवून, तिच्या देखत तो आतला कप्पा उघडला, मूळ प्रत बाहेर काढली, साफ केलेली पुसून टाकली. मग गाणे लावले. पहिली ओळ. दुसरी ओळ. खोकला. कुकरची शिट्टी. घरात आतूनही त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली आणि सून हसली. मावशी हसली नाही. तिने ते शेवटपर्यंत ऐकले, मग टॅब माझ्या हातून काढून घेऊन पदराने पुसली.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पन मी येनार.”

परतताना मी संगणकवाल्या गृहस्थांना फोन केला आणि सगळे सांगितले. माझ्या मनात त्यांच्याविषयी काय होते, तेही. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “मला कळलं होतं ताई, त्याच दिवशी. तुमच्या आवाजात.” आणि पुढे, “आता ते प्रमाणपत्र रीतसर काढूनच घेऊ. म्हातारीला तो इशारा रोज भ्या घालतोय.” त्यांनी ते काढले. मावशीसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड केला. त्या नावाने आत आले की पाहता येते, ऐकता येते, हलवता काही येत नाही. माझ्या घरी मात्र ते पुन्हा चहाला थांबले नाहीत.

इशारा गेल्यावर मावशीने सुनेकरवी विचारले की चोर यायचे बंद झाले, हे नक्की कोणी सांगितले. मी प्रमाणपत्राविषयी समजावले. “कागूद,” ती म्हणाली, आणि तो विषय संपवला.

प्लास्टर निघाले. मी पुन्हा कार्यालयात जाऊ लागले आहे, तरी नोंद रोज वाचते. चारची ओळ तिच्या नावाने येते. एक्केचाळीस गाणी मोजली जातात, खोकला ऐकला जातो. मध्यंतरी भेटले तेव्हा ती सहज बोलून गेली की आणखी एक गाणे आहे, तिच्या आईचे, आजवर कोणाला न दिलेले. मी वही काढली.

“ठेव ती,” मावशी म्हणाली. “आजून बगते हाय मी तुजी पेटी.”