बिनवायरीच्या अक्षता

माझ्या लग्नाला सात महिने झाले. मिळालेल्या साड्या अजून मोजता येतात, किस्से मात्र मोजण्यापलीकडं गेलेत. "सासरी कमी बोल," असं सांगूनच माहेरनं मला लातूरहून नांदेडला पाठवलं. कमी बोलणाऱ्या माणसाला ऐकू मात्र फार येतं! त्यात आमच्या घरात एक वस्तू घ्यायची ठरली, की ती येते एकटी आणि तिच्यामागं किस्से येतात पाच.

ही वस्तू म्हणजे लॅपटॉपमधलं टीव्हीवर दाखवणारं, वायर नसलेलं यंत्र.

ते हवं होतं माझ्या आईसाठी. अक्षता पडताना नवरीच्या आईनं बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मंगलाष्टकं सुरू झाली, की तिनं बाहेर तुळशीपाशी जाऊन, मांडवाकडं पाठ करून पाणी घालत उभं राहायचं. परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "तुझ्या अक्षता म्या ऐकल्या बाई, बघितल्या न्हाईत."

मोबाइलवर दाखवायचं म्हटलं, तर तिला त्यात माणसं मुंग्यांएवढी दिसतात. फोटोग्राफरनं दिलेला पेनड्राइव्ह आम्ही टीव्हीला लावून बघितला. हा प्रकार मला चालत नाही, असं टीव्हीनं इंग्रजीत कळवलं. राहता राहिली लॅपटॉपची वायर. पण सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, दोन वर्षांपूर्वी इन्व्हर्टरच्या वायरीत पाय अडकून मनगट मोडलंय. तेव्हापासून त्यांचा हुकूम आहे, "या घरात नवी वायर दिसली, की मी बिलोलीला शेतात राहायला गेलो समजा!"

आई येणार होती रविवारी, ती पण एका दिवसापुरती. आमच्या हातात नऊ दिवस होते.

* * *

मी आणि हे इथल्याच वजिराबाद भागातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर चार डब्या मांडल्या. एकीत काडी, एकीत पेढ्यासारखं गोल काहीतरी, एकीत रिमोटवालं आणि एकीवर नुसती चिनी अक्षरं.

"यात फरक काय?" ह्यांनी विचारलं.

"बगा साहेब, ही नेटवर चालती. हे नेटबिगर चालतंय. हे दोन्हीवर चालतंय. आन् हे..." चौथी डबी हातात घेऊन तो जरा थांबला. "हे लई खपतंय!"

मी हळूच विचारलं, "लॅपटॉपमधला व्हिडिओ दिसेल ना?"

"ताई, सगळं दिसतंय."

"लॅपटॉपमधलं?"

"आवो, सगळ्यात लॅपटॉप आलंच की!"

हे घरी येऊन रात्रीपर्यंत मोबाइलवर माहिती काढत बसले. एका व्हिडिओत काडी चांगली, गोल वाईट. दुसऱ्यात गोल चांगलं, काडी वाईट. शेवटी मला म्हणाले, "तुला काय वाटतं?" लग्नानंतर हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला होता, आणि नेमकं मला काहीच वाटत नव्हतं!

* * *

मामांना मात्र वाटत होतं.

त्यांच्या शेतातल्या मोटारीला मोबाइलचा स्टार्टर आहे. नांदेडहून मिस कॉल दिला, की बिलोलीत पाणी सुरू. त्यामुळं बिनवायरीच्या कुठल्याही वस्तूचं शेवटचं ज्ञान आपल्यालाच आहे, अशी त्यांची खात्री.

"याच्यात सिमकार्ड कुठं बसतंय?"

"मामा, याला सिम नसतं," हे म्हणाले. (हे वडिलांना दादा म्हणतात, पण माझ्यासमोर गडबडून मामाच म्हणून बसतात.)

"सिम न्हाई तर मिस कॉल कुठं द्यायचा?"

"मिस कॉल द्यायचाच नसतो."

मामांनी ह्यांच्या मोबाइलवरचा गोलाचा फोटो मोठा करून बघितला. "आन् लाइट जाऊन परत आली तर? आपोआप चालू होतंय का?"

"नाही, परत जोडावं लागतं."

"मग आपली मोटार हुशार!" म्हणून मामांनी मोबाइल खाली ठेवला. त्यानंतर त्या यंत्राला त्यांनी कधीच मान दिला नाही.

* * *

पहिली आणली ती काडी. घरात आलेल्या नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्याला हात लावू देत नाहीत. मिक्सर, गिझर, ह्यांची मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू आणि नारळ झालाय. काडीलाही झाला.

फक्त मोटारसायकल मोठी असते. नारळाचं पाणी तिच्या अंगावरून ओघळून जातं.

काडी दोन मिनिटं गरम झाली आणि गार पडली ती कायमची. आम्ही ती परत दुकानात नेली. दुकानदारानं वास घेतला, बोटाला लागलेलं कुंकू बघितलं.

"वॉरंटीत पाणी बसत न्हाई."

"पण नारळाचं होतं हो!" आत्याबाई अगदी कळवळून म्हणाल्या.

"माय, तेबी पाणीच."

घरी येताना रिक्षात आत्याबाईंनी ती काडी पदरात गुंडाळून घेतली. मग म्हणाल्या, "देवाला चालतंय, यांच्या कंपनीला चालंना!"

* * *

मग आलं ते गोल. या वेळी पूजा झाली ती रिकाम्या डबीची.

शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी ते टीव्हीला लावलं आणि लॅपटॉपवर बटण दाबलं. लॅपटॉप म्हणाला, जोडलंय. टीव्ही काळाच. ह्यांनी आवाज वाढवला, परत वाढवला, पूर्ण वाढवला. टीव्ही गप्प.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या काकूंची हाक आली.

"सूनबाई! आवो, तुमचे हे आमच्या टीव्हीत नाचायलेत!"

लागली होती ती हळदीची क्लिप. हे बनियनवर, अंगभर हळद, डोक्यावर परात. शेजारच्यांकडं दोन पाहुणे पण आलेले होते.

चौकशीत कळलं, की आत्याबाईंनी आमच्या वायफायचा पासवर्ड काकूंना कधीच देऊन टाकलाय. "विरजण मागितलं तर देतोच की आपण!" त्यामुळं लॅपटॉपला दोन टीव्ही दिसत होते आणि ह्यांनी दाबला शेजारचा.

"मग आता बंद कर की!" मामा ओरडले.

पलीकडून काकू म्हणाल्या, "राहू द्या हो. पाहुणे बघायलेत!"

* * *

रविवारी अकराच्या सुमाराला आई आली. तिच्या पिशवीत दशम्या, चटणी आणि पाण्याची बाटली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आईकडची दुसरी रीत. आत्याबाईंनी चहा पुढं केला, आईनं हात जोडले.

आत्याबाई म्हणाल्या, "विहीणबाई, टीव्ही तरी आमचा चालंल का?"

"चालतोय की! त्यो कुठं तोंडात घालायचाय?"

दोघी हसल्या. टीव्ही मात्र चालेना. पडद्यावर एक गोल फिरत राहिलं. साडेबारा झाले, गोल फिरतंय. दीड वाजला, गोल फिरतंय. आईची बस चारची. हे घामाघूम. मामा मोबाइल हातात घेऊन म्हणाले, "एकदा मिस कॉल देऊन तर बघू!"

आई त्या फिरणाऱ्या गोलाकडं हात जोडून बसली होती. तिला वाटलं, सुरुवातीलाच देवाचं काहीतरी दाखवतात.

अडीचला आत्याबाईंनी भिंतीवरून हाक दिली, "वैनी, तासभर आमचं वायफाय सोडा वो!" काकूंकडं सगळ्यांनी मोबाइल आणि टीव्ही बंद केले. इकडं गोल थांबलं आणि टीव्हीवर मांडव उघडला.

आई पुढं सरकून बसली. सीमांतपूजन बघितलं, रुखवत बघितलं. "माझी शेवई दिसली का?" असं दोनदा विचारलं. माझ्या माहेरच्या मामाच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, हाताला धरून मी बोहल्याकडं निघाले, तेव्हा तिनं पदरानं चष्मा पुसला. मी तिच्याशेजारी बसले होते, पण टीव्हीकडं बघत नव्हते. मी तिच्याकडं बघत होते.

अंतरपाट धरला. भटजींनी घसा खाकरला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

आई उठली.

"आई, कुठं?"

"आले."

पायात चप्पलही न घालता ती अंगणात गेली. खिडकीतून दिसत होती. तुळशीपाशी, घराकडं पाठ करून, हातात लातूरहून आणलेली पाण्याची बाटली.

हे घाईनं लॅपटॉपकडं वळले, व्हिडिओ थांबवायला.

आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबवू नको," त्या म्हणाल्या. "आवाज वाढव."